चाळीस किलो काच आणि गुरुत्वाची लहर

ग्लासगो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काचेचे धागे ओढण्याचं एक यंत्र आहे. शुद्ध सिलिकाची, साधारण ३ मिलिमीटर जाडीची कांडी त्यात उभी धरतात. कार्बन डायऑक्साइड लेसरचा झोत कांडीभोवती गोल फिरतो. मधला भाग तापून पांढराशुभ्र होतो, मऊ पडतो, आणि यंत्राचा चिमटा ठरलेल्या वेगाने सरकत ती मऊ काच ओढत नेतो. हाती येतो तो ४०० मायक्रोमीटर जाडीचा, ६० सेंटिमीटर लांबीचा पारदर्शक धागा. या धाग्याला बोट लावायचं नाही. बोटाने किंवा धुळीच्या कणाने पृष्ठावर नजरेला न दिसणारा ओरखडा पडला, तरी भार येताच धागा तिथून तुटतो. ओरखडा नसेल तर तोच धागा १० किलो वजन वर्षानुवर्षं पेलतो. अशा चार धाग्यांवर ४० किलोंचा एक आरसा लटकतो. आरसाही त्याच जातीच्या काचेचा, ३४ सेंटिमीटर व्यासाचा आणि २० सेंटिमीटर जाडीचा.

गुरुत्वलहरींचा इतिहास आपण आइन्स्टाईनपासून सुरू करतो आणि दोन कृष्णविवरांच्या धडकेपाशी आणून सोडतो. ते चूक नाही. पण समीकरण १९१६ साली लिहून झालं होतं आणि लहर सापडली २०१५ साली. मधली ९९ वर्षं अडलं कशापाशी, हे विचारलं की उत्तर बरंचसं पदार्थापाशी येतं. प्रकाश आपला पल्ला बिनचूक मोजायला केव्हाच तयार होता. तो ज्यावर आपटून परत येतो ती काच पुरेशी शांत नव्हती. ती शांत कशी झाली, ही या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे.

प्रकाशाने अंतर मोजण्याची ही रीत अल्बर्ट मायकेल्सनची. एका झोताचे दोन भाग करायचे, त्यांना काटकोनात दोन दिशांना धाडायचं, आरशांवरून परत आणायचं आणि पुन्हा एकत्र करायचं. दोन्ही वाटा तंतोतंत सारख्या असतील तर लाटांचे उंचवटे उंचवट्यांवर बसतात. एक वाट किंचित लांबली की पट्ट्यांची नक्षी सरकते. १८८१ साली जर्मनीत त्याने असं पहिलं उपकरण वापरलं. बर्लिनमधल्या रहदारीच्या हादऱ्यांनी रात्रीही पट्टे स्थिर राहीनात, म्हणून तो उपकरण घेऊन पॉट्सडॅमच्या वेधशाळेत गेला. तिथेही इमारतीपासून १०० मीटरवर कुणी फरशीवर पाय आपटला तर पट्टे नाहीसे होत, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. मायकेल्सन ईथर, म्हणजे प्रकाश ज्यातून वाहतो असं तेव्हा मानत ते माध्यम, शोधत होता. तो काही सापडला नाही. पण या उपकरणाचा स्वभाव पहिल्याच दिवशी उघड झाला होता: त्याला सगळंच ऐकू येतं, आणि हवं ते सोडून बाकी सगळं गप्प करणं हेच खरं काम आहे.

आइन्स्टाईनच्या सिद्धान्तानुसार वस्तुमानं वेगाने हलली की अवकाशात लहरी उठतात आणि त्या जाताना एका दिशेला अंतर ताणतात, काटकोनातल्या दिशेला आकसवतात. मायकेल्सनच्या दोन भुजांसाठीच जणू ही लहर घडवली आहे. परिणाम मात्र इतका सूक्ष्म की कुणी उपकरणाचा विचारही करेना. खुद्द आइन्स्टाईनच १९३६ साली या लहरी खऱ्या नसाव्यात असं मानण्यापर्यंत पोहोचला होता आणि पुढे त्याने ते मत बदललं. वाद १९५७ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपल हिल इथल्या परिषदेत मिटत आला. लहर खरी असेल तर काठीवर सैल ओवलेले मणी तिने पुढेमागे सरकतील, घासतील आणि काठी तापेल, म्हणजेच लहर ऊर्जा वाहून आणते, असं तिथे रिचर्ड फाइनमनने मांडलं. त्या परिषदेला मेरिलँड विद्यापीठाचा जोसेफ वेबर हजर होता. तो परतला तो लहरी पकडायच्या निश्चयानेच.

वेबरने प्रकाश वापरला नाही. त्याने अॅल्युमिनियमचे टनावर वजनाचे दंडगोल तारेवर टांगले. लहर आली तर दंडगोल आपल्या नैसर्गिक कंपनसंख्येला किंचित थरथरेल आणि त्याच्या अंगावर चिकटवलेले स्फटिक त्या थरथरीची वीज करतील, असा बेत. १९६९ साली त्याने जाहीर केलं की मेरिलँड आणि शिकागोजवळचं अर्गॉन अशा दोन ठिकाणचे दंडगोल एकाच वेळी हलताना दिसले आहेत. जगभर खळबळ उडाली, मॉस्कोपासून ग्लासगोपर्यंत दंडगोल टांगले गेले, पण दुसऱ्या कुणालाही काही दिसलं नाही. वेबर २००० साली वारला तोवर आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला. त्याचा दावा टिकला नाही, तरी या क्षेत्रातली जवळजवळ प्रत्येक वाट त्याच्या दारातून निघाली आहे. धातूचा तुकडा टांगून विश्वाची हालचाल ऐकता येईल असं गंभीरपणे मानणारा तो पहिला माणूस, आणि हे ऋण नंतरच्या लोकांनीही मान्य केलं.

आरसे टांगून त्यांच्यातलं अंतर प्रकाशाने मोजावं ही सूचना १९६२ साली मॉस्कोच्या गर्ट्‌सेनश्टाइन आणि पुस्तोव्हॉइट या दोघांनी छापली होती. पश्चिमेत ती फारशी कुणी वाचली नाही. वेबरचाच विद्यार्थी रॉबर्ट फॉरवर्ड याने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात असं पहिलं छोटं उपकरण उभं केलं. पण प्रश्नाच्या मुळाशी गेला तो रायनर वाइस.

वाइस एमआयटीमध्ये सापेक्षता शिकवत होता. वर्गातली मुलं वेबरबद्दल विचारत, आणि वाइसला वेबरची पद्धत नीट समजावता येत नव्हती. मग त्याने मुलांना एक गणित घातलं: मोकळ्या टांगलेल्या दोन वस्तूंमध्ये प्रकाश ये-जा करतो, लहर आली तर त्याला लागणारा वेळ किती बदलेल? गणित सुटल्यावर ते त्याच्याच डोक्यातून जाईना. १९७२ साली त्याने एमआयटीच्या त्रैमासिक प्रगती अहवालात त्यावर लेख लिहिला. शास्त्रीय नियतकालिकात तो कधीच छापला नाही. त्या लेखातला महत्त्वाचा भाग उपकरणाच्या रचनेचा नाही, उपकरणाला काय काय फसवेल याच्या हिशेबाचा आहे. लेसरची चंचलता, जमिनीचा कंप, नळीत उरलेला वायू, प्रकाशकणांचा आरशावर पडणारा दाब, आरशाच्या द्रव्यातली आणि त्याच्या टांगणीतली उष्णतेची थरथर: प्रत्येकाचं माप त्याने काढून ठेवलं. पुढच्या ४० वर्षांचा कामाचा आराखडाच तो होता.

त्याने १९७४ साली पैशांसाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अर्ज केला. अभिप्रायासाठी तो अर्ज जर्मनीत गेला, आणि म्युनिकजवळच्या गार्चिंगमध्ये वेबरसारखेच दंडगोल टांगून कंटाळलेल्या गटाला कल्पना इतकी पटली की त्यांनी आधी ३ मीटरचं आणि मग ३० मीटरचं उपकरण करून दाखवलं. एमआयटीत अजून दीड मीटरच्या पुढे काही सरकलं नव्हतं. वाइसला याचं दुःख झालं असेल, पण त्यामुळे एक फायदाही झाला. वाइसने कागदावर मोजलेली विघ्नं गार्चिंगच्या लोकांनी एकेक करून प्रत्यक्षात गाठली.

ग्लासगोचा रोनाल्ड ड्रेव्हर या कथेतला सर्वांत हिकमती माणूस. टाकाऊ वस्तूंतून उपकरणं जुळवणारा, समीकरणापेक्षा चित्र काढून विचार करणारा. १९७९ पासून तो कॅल्टेकमध्ये काम करू लागला आणि तिथे ४० मीटरचं उपकरण उभं राहिलं. समोरासमोरच्या दोन आरशांमध्ये प्रकाश कोंडून शेकडो वेळा फिरवायचा तर लेसर आणि त्या पोकळीचं अंतर यांचा मेळ क्षणभरही सुटून चालत नाही. तो मेळ टिकवण्याची पद्धत त्याने जॉन हॉलच्या साथीने बसवली. पाउंड-ड्रेव्हर-हॉल या नावाने ती आज जगातल्या असंख्य लेसर प्रयोगशाळांत रोज वापरली जाते. बाहेर पडू पाहणारा प्रकाश आणखी एका आरशाने पुन्हा आत ढकलण्याची युक्तीही त्याची आणि गार्चिंगच्या लोकांची.

यानंतरचं दशक बैठकांचं, भांडणांचं आणि अर्जांचं आहे. वाइस, ड्रेव्हर आणि कॅल्टेकचा सिद्धान्ती किप थॉर्न या त्रिकुटाने एकत्र प्रकल्प चालवावा असं ठरलं. त्यांचं जमेना. १९८७ साली रोकस व्होग्ट संचालक झाला, १९९२ साली ड्रेव्हरला प्रकल्पातून बाहेर व्हावं लागलं. खगोलशास्त्रज्ञांपैकी कित्येकांनी या खर्चाला उघड विरोध केला. १९९४ साली बॅरी बॅरिशने सूत्रं हाती घेतली आणि वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला आणि लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टनला ४ किलोमीटर लांबीच्या भुजा असलेली दोन लायगो उपकरणं बांधून काढली.

आता काचेकडे येऊ.

लायगोला सापडणारी मोठी लहर ४ किलोमीटरच्या भुजेत जो फरक पाडते तो प्रोटॉनच्या व्यासाचा सुमारे चारशेवा भाग असतो. खोलीच्या तापमानाला आरशाच्या पृष्ठावरचा प्रत्येक अणू त्याच्या लाखो पट अंतर अखंड थरथरत असतो. मग इतका लहान फरक दिसावा कसा? पहिलं उत्तर सरासरीत आहे. प्रकाशाचा ठिपका आरशावर दहा-बारा सेंटिमीटर रुंद असतो. त्याखाली अब्जावधींच्या अब्जावधी अणू येतात. त्यांची उलटसुलट थरथर एकमेकींना खोडते आणि प्रकाशाला जाणवतं ते सगळ्या पृष्ठाचं एकत्रित स्थान. पण ही खोड पूर्ण होत नाही. आरसा सगळा मिळूनही किंचित कंप पावतो, आणि तो किती, कुठल्या सुरात, हे द्रव्याच्या जातीवर ठरतं.

देवळातली चांगली घंटा एकदा वाजवली की बराच वेळ एकाच सुरात घुमत राहते. चिरलेली घंटा ठण्ण करून लगेच विझते आणि तिचा आवाज कुठल्याच एका सुराचा नसतो. उष्णता आरशाला सतत ठोकत असते आणि ती ठोकण्याची ऊर्जा तापमानाने ठरते, ती कमी करता येत नाही. पण आरसा चांगल्या घंटेसारखा असेल तर सगळी थरथर त्याच्या स्वतःच्या सुरांत, म्हणजे सेकंदाला हजारो कंपनांच्या पट्टीत, गोळा होते. खाली जिथे कृष्णविवरांच्या लहरी येतात तो दहा ते काही शे कंपनांचा टापू मोकळा, शांत राहतो. म्हणजे प्रश्न असा झाला की जगात सर्वांत जास्त वेळ घुमणारा, आणि तरी प्रकाशाला न शोषणारा पदार्थ कोणता.

हा प्रश्न आयुष्यभर धरून बसलेला माणूस होता मॉस्को विद्यापीठाचा व्लादिमिर ब्रागिन्स्की. वेबरचे निष्कर्ष तपासून न पटल्यावर त्याने दंडगोल बाजूला ठेवले आणि ऊर्जा कमीत कमी गळेल असे पदार्थ शोधण्याला वाहून घेतलं. नीलमण्याचे स्फटिक त्याने असे घुमवले की त्यांचा निनाद कमी होता होत नसे. त्याच्याच गटाने सिलिकाच्या धाग्यावर टांगलेला लंबक पोलादी तारेपेक्षा किती तरी जास्त काळ डोलतो हे दाखवलं. लायगोच्या पहिल्या पिढीत पावणेअकरा किलोंचे आरसे पोलादी तारेच्या फासात टांगले होते; ती तार काढून काच आणायची कल्पना मॉस्कोच्या या कामातून आली आणि ग्लासगोत जेम्स हफ, शीला रोवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. जर्मनीत हॅनोव्हरजवळ ६०० मीटरचं जिओ६०० उभं राहिलं, त्यात ती आधी आजमावली गेली.

दुसऱ्या पिढीचा आरसा कशाचा करावा यावर मात्र बरीच वर्षं खल चालला. नीलमणी की सिलिकाची काच? नीलमणी जास्त कणखर, जास्त वेळ घुमणारा, उष्णता चटकन पसरवणारा. पण त्याचा एवढा मोठा, सगळीकडे सारखा स्वच्छ तुकडा वाढवणं कठीण. शिवाय नीलमण्यात उष्णतेची सूक्ष्म चढउतार प्रसरणात उतरते आणि पृष्ठ हलतं, हे ज्यांनी दाखवून दिलं त्यांत खुद्द ब्रागिन्स्कीच होता. ज्या पदार्थावर आपला जीव जडला त्यातलं वैगुण्य स्वतः मोजून जाहीर करणं, ही मला या इतिहासातली अतिशय सुंदर कृती वाटते. सिलिका तापली तरी जवळजवळ फुगत नाही. शेवटी निवड तिचीच झाली. पुढे जपानने कामिओकाच्या डोंगराखाली काग्रा हे उपकरण बांधताना नीलमणी घेतला, पण त्यासाठी आरसे उणे अडीचशे अंश सेल्सिअसच्याही खाली थंड करावे लागतात.

काचेचा ठोकळा जर्मनीत तयार झाला, त्याला नॅनोमीटरपेक्षाही कमी खडबडीत राहील इतकं पॉलिश झालं आणि मग तो फ्रान्सला ल्यों शहरातल्या प्रयोगशाळेत लेपासाठी गेला. नुसती काच आरसा होत नाही. तिच्यावर सिलिका आणि टँटालम ऑक्साइड यांचे आलटून पालटून काही डझन थर चढवावे लागतात, प्रत्येक थर प्रकाशाच्या लाटेच्या चौथ्या हिश्शाएवढा. प्रत्येक थरावरून थोडा थोडा प्रकाश परततो, ते सगळे परतलेले झोत एकाच तालात भेटतात आणि दहा लाखांतले मोजकेच प्रकाशकण पलीकडे निसटतात. एवढे सगळे थर मिळून जाडी पाच-सहा मायक्रोमीटर.

या पातळ लेपाने सगळा हिशेब उलटापालटा केला. १९९८ साली कॅल्टेकमधला युरी लेविन नावाचा विद्यार्थी आरशाच्या थरथरीचं गणित वेगळ्या वाटेने करत होता. तोवर समजूत अशी की आरशाच्या पोटात ऊर्जा किती गळते ते महत्त्वाचं. लेविनने दाखवलं की गळती कुठे होते हे त्याहून महत्त्वाचं आहे: प्रकाश जिथे टेकतो त्या पृष्ठालगत थोडीशी जरी गळती असली तरी ती खोल पोटातल्या गळतीपेक्षा किती तरी जास्त त्रास देते. आणि पृष्ठावर होता तो लेप. काही वर्षांत वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी लेपाचे नमुने घुमवून पाहिले. लेपातली गळती खालच्या काचेच्या हजारो पट निघाली आणि दोषी थर टँटालमचा ठरला. २० सेंटिमीटर जाडीची निर्मळ काच गप्प बसली होती. तिच्या अंगावरचं पाच-सहा मायक्रोमीटरचं पांघरूण बोलत होतं. ल्योंच्या लोकांनी टँटालममध्ये थोडं टायटॅनियम ऑक्साइड मिसळलं तेव्हा ती गळती बरीच कमी झाली. तीच कृती २०१५ च्या आरशांवर आहे. टायटॅनियमने नेमकं काय घडतं याचा अणूंच्या मांडणीपर्यंतचा अभ्यास अजून चालू आहे. जगातलं सर्वांत नाजूक उपकरण आजही, त्याच्या सर्वांत संवेदनशील टापूत, मोठ्या प्रमाणात या लेपापाशी अडलेलं आहे.

उष्णतेची दुसरी एक अडचण उलट बाजूने येते. भुजांमध्ये प्रकाश शेकडो फेऱ्या मारतो आणि साठत साठत १०० किलोवॅटच्याही पुढे जातो. त्यातला दहा लाखांतला अर्धा भाग जरी लेपाने शोषला तरी आरशाचा मध्य तापतो, फुगतो आणि आकार बिघडतो. त्यावर उपाय असा की आरशाच्या कडेभोवती तापकाची कडी बसवायची, शेजारच्या काचेच्या तबकडीवर दुसऱ्या लेसरने ऊब पाडायची आणि बिघडलेला आकार तापवूनच दुरुस्त करायचा. लेपात क्वचित एखादा सूक्ष्म ठिपका राहून जातो, तो बाकीच्यापेक्षा जास्त प्रकाश शोषतो, आणि तेवढ्यानेही प्रकाशाची ताकद वाढवण्यावर मर्यादा येते.

आरसे बसवण्याचं काम मी वाचलं तेव्हा त्यातला एक तपशील मनात घर करून राहिला. पॉलिश केलेल्या पृष्ठावर गुलाबी रंगाचं द्रव पॉलिमर फासतात. ते वाळून त्याची पातळ साल होते. आरसा निर्वात कक्षात जागेवर बसेपर्यंत ही साल त्याचं रक्षण करते, आणि अगदी शेवटी ती हळूच सोलून काढतात; सोबत धूळही जाते. धागे आरशाच्या बाजूंना चिकटवलेल्या काचेच्याच कानांना लेसरने वितळवून जोडलेले असतात. गोंद कुठेच नाही, कारण गोंदातही ऊर्जा गळते. कान काचेला जोडण्यासाठी क्षाराचं पाणी वापरतात. त्याने दोन पृष्ठं रासायनिक रीतीने एकजीव होतात. ही रीत स्टॅनफर्डमध्ये ग्रॅव्हिटी प्रोब-बी या उपग्रहासाठी शोधली गेली होती.

काचेचा धागा किती मानी असतो हे इटलीत पिसाजवळच्या व्हर्गो उपकरणाने अनुभवलं. तिथे नवे धागे बसवल्यावर ते एकामागून एक तुटू लागले. बऱ्याच शोधानंतर निर्वात पंपांमधून उडालेले धुळीचे कण त्याला कारणीभूत ठरले. शेवटी व्हर्गोने पुन्हा पोलादी तारा लावल्या आणि तशाच अवस्थेत १ ऑगस्ट २०१७ ला निरीक्षणात भाग घेतला. काचेचे धागे पुढच्या वर्षी परत बसले.

पहिल्या पिढीचं लायगो २००२ पासून २०१० पर्यंत ऐकत राहिलं. काही आलं नाही. मधे एकदा, सप्टेंबर २०१० मध्ये, एक ठळक संकेत दिसला. शेकडो लोकांनी सहा महिने खपून शोधनिबंध तयार केला आणि मार्च २०११ मध्ये गुपित सांगणारा लिफाफा उघडला तेव्हा कळलं की ती परीक्षा होती. मोजकी माणसं सोडून कुणालाही न सांगता तो खोटा संकेत यंत्रात घातला होता. असं होऊ शकतं हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं, तरी प्रत्येकाने जीव ओतून काम केलं होतं.

मग पोलादी तारा गेल्या, सिलिकाचे धागे आले. १४ सप्टेंबर २०१५, सोमवार. आपल्याकडे दुपारचे ३ वाजून २० मिनिटं झाली होती, गणपती यायला तीन दिवस होते. निरीक्षणाचा औपचारिक टप्पा अजून सुरू व्हायचा होता, यंत्रं चाचणीसाठी चालू होती. आधी लिव्हिंग्स्टनचे आरसे हलले, ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डचे. सेकंदाच्या पाचव्या भागात कंपनसंख्या ३५ वरून २५० वर चढली आणि थांबली. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं १३० कोटी प्रकाशवर्षं दूर एक झाली होती आणि तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरींत गेलं होतं. हॅनोव्हरमध्ये मार्को ड्रागो या तरुण संशोधकाच्या नजरेस ते पहिल्यांदा आलं. त्यालाही आधी ही परीक्षाच वाटली.

या संकेताची ओळख पटवण्यात पुण्याचा वाटा फार जुना आहे. जयंत नारळीकरांनी १९८८ साली उभारलेल्या आयुका या संस्थेत संजीव धुरंधर गुरुत्वलहरींवर काम करत होते. लहर गोंगाटात पूर्ण बुडालेली असणार, मग तिचा आकार आधी गणिताने काढून ठेवायचा आणि त्या साच्यांशी सगळी नोंद ताडून पाहायची. किती साचे लागतील, ते किती अंतरावर ठेवावेत, संगणकाला ते झेपतील का, हे प्रश्न धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ च्या शोधनिबंधात हाताळले. तेव्हा लायगोच्या जागाही ठरल्या नव्हत्या. त्या काळी भारतात या विषयाला भवितव्य आहे असं मानणारे थोडे होते, आणि पुण्यात बसून अशा यंत्रासाठी गणित करणं ज्याचं बांधकाम सुरू होईल की नाही हेही नक्की नाही, याला काय धीर लागला असेल ते आज सहज लक्षात येत नाही. बाला अय्यर यांनी बंगळूरमधून परदेशी सहकाऱ्यांसोबत जवळ येणाऱ्या जोडीच्या लहरीचं गणित अधिकाधिक बिनचूक केलं. त्याहून मागे, १९७० साली, सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी दाखवलं होतं की छेडलेलं कृष्णविवर घुमून शांत होतं आणि त्या घुमण्यावरून त्याचं वस्तुमान कळतं. २०१५ च्या नोंदीच्या शेवटी तेच विझतं घुमणं होतं. विश्वेश्वरांना ते पाहायला मिळालं. ते जानेवारी २०१७ मध्ये गेले.

ड्रेव्हर त्याच वर्षी मार्चमध्ये गेला. त्याची स्मृती आधीच सुटत चालली होती. नोबेल ऑक्टोबरमध्ये वाइस, थॉर्न आणि बॅरिश यांना मिळालं. मरणोत्तर देत नाहीत म्हणून ड्रेव्हरचं नाव त्यात नाही. ब्रागिन्स्कीचं नाव लहर सापडल्याच्या शोधनिबंधाच्या लेखकांत आहे. निबंध छापून आल्यावर जेमतेम सात आठवड्यांनी, मार्च २०१६ मध्ये, तोही वारला.

आरसे पुरेसे शांत झाल्यावर प्रकाशाचा स्वतःचा गोंगाट ऐकू येऊ लागला. प्रकाश कणाकणांनी येतो, एकसारखा येत नाही, आणि त्या विस्कळीतपणाला भौतिकशास्त्राने घातलेली सीमा आहे. कार्लटन केव्ह्‌जने १९८१ साली सुचवलं की अनिश्चितता एका बाजूने दाबून दुसऱ्या बाजूला ढकलता येईल. असा दाबलेला प्रकाश एका खास स्फटिकातून झोत नेऊन मिळतो. जिओ६०० मध्ये तो २०१० पासून आहे, लायगोमध्ये २०१९ पासून. २०२० साली लायगोच्या लोकांनी दाखवलं की प्रकाशाच्या याच कणमय धक्क्यांनी ४० किलोंचा आरसा हलतो आणि ती हालचाल मोजता येते. पुंजभौतिकी अणूंपुरती, असं शिकलेल्या प्रत्येकाने थांबून विचार करावा अशी ही गोष्ट आहे.

आणि यातला एक संच मराठवाड्यात यायचा आहे. हॅनफर्डमध्ये दोन उपकरणं बसवायची होती, त्यांतल्या दुसऱ्याचे भाग तयार होऊन पेट्यांत राहिले. दोन ठिकाणांवरून लहर कुठून आली हे नीट सांगता येत नाही, आणखी एक यंत्र पृथ्वीवर दूर कुठेतरी हवं, म्हणून ते आधी ऑस्ट्रेलियाला देऊ केलं गेलं. तिथे पैशांची तजवीज झाली नाही. भारतात २००९ साली संशोधकांनी एकत्र येऊन इंडिगो हा गट बांधला होता. त्याने हे आव्हान उचललं. तिसऱ्या यंत्राने काय फरक पडतो हे १७ ऑगस्ट २०१७ ला दिसलं. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची धडक लायगो आणि व्हर्गो यांनी मिळून आकाशाच्या ३० चौरस अंशांत बांधली, दुर्बिणी तिकडे वळल्या आणि काही तासांतच वासुकी तारकासमूहातल्या एका दीर्घिकेत त्या धडकेचा प्रकाश दिसला. त्या रात्री भारतात एक यंत्र असतं तर आकाशाचा तो तुकडा आणखी पुष्कळ लहान झाला असता.

जागा ठरली हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ. सपाट माळ, मोठ्या कारखान्यांपासून आणि समुद्राच्या लाटांपासून लांब. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली, पण पूर्ण मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये: २६०० कोटी रुपये. मध्ये सात वर्षं गेली, ती जायला नको होती. हिंगोलीत होणारं काम इमारतीचं आणि ४ किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्यांचं आहेच, पण त्यातलं अवघड काम हातांचं आहे. काचेचे धागे इथे ओढावे लागतील, ते कानांना जोडावे लागतील, गुलाबी साल सोलावी लागेल, तापकाच्या कड्या जुळवाव्या लागतील. इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका यांच्यावर ही जबाबदारी आहे. आरसे पेट्यांतून बाहेर येतील तेव्हा त्यांच्यावरचा लेप जुनाही झालेला असेल, कारण त्याहून शांत लेपाचा शोध अमेरिकेत आणि युरोपात जोरात चालू आहे. तो लेप मिळाला की इथल्या आरशांवरही चढवावा लागेल. त्यासाठी लागणारी माणसं आज परभणी, नांदेड, हिंगोलीच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकत असू शकतात, आणि काच शांत कशी करतात हे त्यांना आत्तापासून शिकवायला हवं.